हात नको, पाटील

आमच्या व्यायामाच्या वर्गात पडलेल्या माणसाला हात द्यायचा नाही, असा नियम होता. नवीन माणूस आला की त्याला हे विचित्र वाटायचं. सगळी म्हातारी माणसं, कोणाचे गुडघे गेलेले, कोणाची कंबर गेलेली, एक जण जमिनीवरून उठायला धडपडतोय आणि बाकीचे बाजूला उभे राहून बघतायत. टॉवरमधले एक रिटायर मॅनेजर पहिल्याच दिवशी म्हणाले, हे माणुसकीला धरून नाही. पेठेबाई म्हणाल्या, "माणुसकी जवळ उभी आहे ना? मग झालं."

कुमुद पेठे. आम्ही सगळे बाईच म्हणायचो. कोणी मॅडम म्हटलं की त्या ऐकू न आल्यासारखं करायच्या. बाळकुमला ज्या टॉवरमध्ये त्या सातव्या मजल्यावर एकट्या राहायच्या, तो आमच्या जमिनीवर उभा आहे. तिथे आधी आमचं भात पिकायचं आणि त्याच्या पलीकडे खाडीला लागून मिठागर होतं. बाई पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. मी सगळ्यांनाच सांगतो, त्यात लाज कसली. बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं भेटलात. कालपासून लिफ्ट बंद आहे."

अंगाने त्या वाळल्या चिंचेसारख्या. केसांचा सुपारीएवढा अंबाडा, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. चालताना डावीकडे-उजवीकडे हेलकावे खायच्या, भरतीला नांगरलेली होडी हलते तशा. दोन्ही गुडघे ऑपरेशन करून बदललेले होते. त्या गुडघ्यांना त्या सुना म्हणायच्या. "दोन सुना आणल्यात घरात. कामाला चांगल्या आहेत, पण खाली बसायचं नाव काढत नाहीत." माझी बायको हिरा हे ऐकून जे हसली ते पदर तोंडाला लावूनच बसली. म्हणाली, "मंग सासू कोन गो बाई?" बाई म्हणाल्या, "कंबर. ती बोलत नाही, पण सगळं लक्षात ठेवते."

तर त्या देवळात आल्या कशा ते सांगतो.

गावदेवीच्या देवळाचा मंडप आम्ही नव्याने बांधलेला. चांगले जाड खांब, खाली लादी. सकाळी मी तिथे बाकावर बसलेलो असतो, बांधकाम माझ्या देखरेखीत झालंय, लक्ष ठेवावं लागतं. एक दिवस ही बाई आली आणि विचारायला लागली, मला रोज सकाळी या खांबाजवळ थोडा व्यायाम करू द्याल का. त्यांच्या सोसायटीत हॉल होता, पण तिथल्या कमिटीने नकार दिलेला. पडलात, काही मोडलं, तर जबाबदारी कोणाची, म्हणून. मी म्हटलं, हे देऊळ आहे, तालीम नाही. बाईंनी देवीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "देवीला साष्टांग नमस्कार घातला तर चालेल?"

आता त्याला नाही कोण म्हणेल? मी म्हटलं, घाला.

त्यांनी पिशवीतून घडी केलेली सोलापुरी चादर काढली, लादीवर टाकली, खांबाला धरून एकेक हात खाली नेत गेल्या आणि शेवटी चादरीवर आडव्या झाल्या. देवीपुढे हात जोडले. पण पुढे त्यांना उठता येईना. मी वाट बघितली. देवीला बरंच काही मागायचं असेल असं वाटलं. मग त्यांची कोपरं थरथरताना दिसली, तेव्हा मी उठलो आणि हात पुढे केला.

"हात नको, पाटील."

तोंड लादीकडे, आवाज मात्र अगदी शांत. मी हात मागे घेतला. मला राग आला, खरं सांगतो. आमच्या देवळात आमचाच हात नको. पण निघूनही जाता येईना. बाई कुशीवर वळल्या, परत पडल्या, मग सरपटत खांबापर्यंत गेल्या आणि त्याला कवटाळून उभ्या राहिल्या. घाम पुसला, चादरीची घडी केली, देवीकडे बघून म्हणाल्या, "आज इतकंच."

हे त्यांचं पालुपद. पुढे वर्ग सुरू झाल्यावरही रोज शेवटी हेच. टाळ्या नाहीत, ओंकाराचा गजर नाही. "आज इतकंच," आणि पिशवी खांद्याला.

त्या दिवशी त्या बाकावर माझ्या शेजारी टेकल्या तेव्हा दम खात खात त्यांनी मला सांगितलं. त्याआधी काही दिवस त्या स्वयंपाकघरात घसरून पडल्या होत्या. हाड मोडलं नव्हतं, कुठे रक्त नव्हतं, फक्त उठता येत नव्हतं. गॅसवर डाळ होती. ती करपताना त्या जमिनीवर पडून वास घेत राहिल्या. शेवटी त्या वासानेच शेजारच्यांनी दार उघडलं, त्यांच्याकडे किल्ली होती म्हणून. पुण्याला मुलगा होता, सलील. तो धावत आला आणि म्हणाला, आता एकटीने राहायचं नाही, घर बंद करायचं आणि माझ्याकडे यायचं. बाईंनी त्याला विचारलं, माझी मी जमिनीवरून उठले तर? तो म्हणाला, दिवाळीला येईन तेव्हा उठून दाखव, कोणाचा हात न घेता. उठलीस तर पुन्हा विषय काढणार नाही. नाही उठलीस तर बॅग भरायची.

"आणि तुम्ही कबूल केलंत?" मी विचारलं.

"केलं. मी शब्द दिला की पाळते. हा एक रोग आहे मला."

मग मीही त्यांना मिठागरातली गोष्ट सांगितली. डोक्यावर मिठाची टोपली घेऊन बांधावरून चालताना माणूस घसरून चिखलात पडला, तर त्याला हात देत नसत. हात दिला की देणाराही खाली जातो. त्याच्याजवळ उभं राहायचं, लाकडी फावडं रोवून धरायचं आणि वाट बघायची. आणि पडलेल्याने ढोर उठतं तसं उठायचं. ढोर आधी मागचे पाय उचलतं, ढुंगण वर आलं की ते उठलंच म्हणून समजा, मग पुढचे पाय. माणसाचंही तसंच. बाई म्हणाल्या, "ढोराच्या घरात माझ्या सुना नाहीत, पाटील." पण विचार करत राहिल्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या चादरीबरोबर एक उशी घेऊन, गुडघ्याखाली घालायला.

त्यानंतर वर्ग कसा झाला ते कोणी ठरवलं नाही. हिरा आली, कारण मी रोज देवळात कोणाशी बोलतो ते तिला बघायचं होतं. तिच्यामागे गावातल्या चार बायका आल्या. टॉवरमधले ते मॅनेजर आले. माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, शर्ट घालताना हिराला हाक मारावी लागायची, ते बाईंनी कुठून पाहिलं माहीत नाही. एके दिवशी म्हणाल्या, बाकावर बसून बघण्यापेक्षा भिंतीवर बोटं चालवत न्या, मुंगी चढते तशी. मी म्हटलं, मला असल्या गोष्टींची गरज नाही. त्या म्हणाल्या, मला तरी कुठे आहे. पुढच्या आठवड्यात मी भिंतीला उभा होतो. माझं एवढंच. ही गोष्ट माझी नाही.

बाई कुठल्या आसनाचं नाव घ्यायच्या नाहीत. मॅनेजरसाहेबांना त्याची फार हौस. याने शुगर जाते का, त्याने बीपी उतरतं का, सारखं विचारायचे. बाई म्हणाल्या, "शुगरचं मला माहीत नाही. तुमचे मोजे तुम्हाला घालता येतील." त्यावर ते दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, आपले आपण बूट-मोजे घालून आले आणि सगळ्यांसमोर बाकावर बसून काढले. बाईंनी मान हलवली. एवढं कौतुक त्यांनी दुसऱ्या कोणाचं केलेलं मला आठवत नाही.

दुखतंय म्हणून कोणी कुरकुर केली तर म्हणायच्या, दुखण्याला बसायला पाट द्या, ताट वाढू नका. स्वतः मात्र दुखत असलं की गप्प व्हायच्या. काही सकाळी त्या इतक्या थकलेल्या असायच्या की नुसत्या खांबाला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि आम्हाला बघत बसायच्या. हिरा म्हणायची, या बाईला घरी जाऊन निजायला सांग. मी सांगितलं एकदा. म्हणाल्या, निजले तर उठावं लागेल.

पावसाळ्यात मी त्यांना डोंबिवलीला घेऊन गेलो. म्हणजे माझ्या मुलाची गाडी, ड्रायव्हर आणि मी. ठाकुर्लीजवळ एका हॉलमध्ये योगाचा कार्यक्रम होता. ज्या बाई तो चालवत होत्या त्या म्हणे पेठेबाईंच्या हाताखाली शिकलेल्या, बाईंच्या लग्नाआधी. तेव्हा बाई डोंबिवलीत राहायच्या आणि चाळीच्या गच्चीवर मुलींना योग शिकवायच्या, हे मला तेव्हाच कळलं. हॉलमध्ये पोरी रबरासारख्या वाकत होत्या. मागे वाकून टाचा धरत होत्या. मग सगळ्यांनी बाईंना आग्रह केला, तुम्ही काहीतरी दाखवा. बाईंनी खुर्ची मागितली. तिच्यावर ताठ बसल्या, दोन्ही हात हळूहळू वर नेले, जेवढे गेले तेवढे, तिथे जरा वेळ ठेवले, खाली आणले. "आज इतकंच." लोकांना वाटलं आता सुरुवात होईल. मग कोणीतरी टाळी वाजवली.

येताना माणकोलीच्या पुलावरून आलो आणि काल्हेरला ट्रकांच्या रांगेत अडकलो. गोडाऊनमधून माल सुटायची वेळ, गाडी हलेना. मी विचारलं, एवढं येत होतं तर सोडलंत का? मला वाटलं सासूने बंद केलं असेल, नवऱ्याने केलं असेल. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"कोणी बंद कर म्हणालं नाही हो. सकाळी डबे, मग बँक, संध्याकाळी भाजी. मीच उद्यापासून करू म्हणाले." ट्रकने हॉर्न दिला, त्या थांबल्या. "तेव्हा येत होतं म्हणून करत होते, पाटील. आता येत नाही म्हणून करते. आताच जास्त दमायला होतं."



गुरुपौर्णिमेला गावाने त्यांचा सत्कार ठेवला. आमच्याकडे कोणाबद्दल बरं वाटलं की आधी फ्लेक्स लागतो. नाक्यावर मोठा फ्लेक्स लावला, योगमाता म्हणून. त्यात माझा फोटो बाईंच्या फोटोपेक्षा मोठा होता यावरून हिरा मला अजून बोलते. खर्च मी केला होता, छापणाऱ्या पोराने आपल्या अकलेने केलं, त्यात माझं काय चुकलं मला समजत नाही. मंडपात स्टेज केलं, आणि सत्कारमूर्ती साध्या खुर्चीवर बसणार का, म्हणून डेकोरेशनवाल्याकडून लग्नातला सोफा आणला. लाल मखमली, सोनेरी पाठीचा. नगरसेवक शाल घेऊन आले. बाई रेशमी साडी नेसून आल्या, सोफा बघून जरा थबकल्या, पण लोकांचा मान ठेवून बसल्या.

तो सोफा इतका मऊ आणि इतका खोल की बाई त्यात गेल्या त्या गेल्याच. गुडघे वर, पाठ खाली. नगरसेवक शाल उघडून उभे. नावाचा पुकारा झाला, आणि बाईंना उठता येईना. स्टेजवर आमच्या वर्गातली आठ-दहा माणसं उभी होती. एकानेही हात पुढे केला नाही. नगरसेवकांना वाटलं आम्हाला काही रीतभात नाही. ते वाकले तसा मॅनेजरसाहेबांनी त्यांचा दंड धरला आणि म्हणाले, जवळ उभे राहा फक्त.

बाईंनी आमच्याकडे एकदा पाहिलं. मग सोफ्यावरून घसरत खाली स्टेजवर आल्या, कुशीवर वळल्या, हातांवर आणि गुडघ्यांवर आल्या. सोफ्याची उशी ओढून गुडघ्याखाली घेतली. मग पायाची बोटं रोवली, ढुंगण वर, अख्ख्या गावासमोर, नगरसेवकांकडे पाठ करून. हात एकेक पाऊल मागे आणत गेल्या. मांडीवर एक हात, दुसरा हात, आणि उभ्या.

तोपर्यंत त्या कधीही खांबाशिवाय उठल्या नव्हत्या. हे आम्हालाच माहीत. मंडपातल्या लोकांना वाटलं प्रात्यक्षिक होतं. टाळ्या पडल्या. हिरा रडत होती. बाईंनी शाल घेतली, सोफ्याकडे बोट दाखवून मला हळूच म्हणाल्या, "हा कोणाच्या लग्नात दिला तर घटस्फोट होईल."

त्यानंतर त्या रोज उठायच्या. कधी पहिल्या झटक्यात, कधी तीनदा पडून. पण उठायच्या. नवरात्र गेली तेव्हा आम्ही सगळे निर्धास्त होतो. सलील येणार, बघणार आणि जाणार.

तो दिवाळीत आला. सकाळी देवळात बाईंच्या मागून चालत आला. मी मनात कोणी तरी मग्रूर माणूस धरून बसलेलो. आला तो पन्नाशीचा, डोळ्यांखाली काळं, केस विरळ, कंबरेला पट्टा बांधलेला माणूस. सगळ्यांना नमस्कार केला. चपला काढून खांबाजवळ उभा राहिला. आईने त्याची ओळख करून दिली तेव्हा हिराने त्याला करंजी दिली, ती त्याने हातातच धरून ठेवली.

बाईंनी चादर टाकली. उशी ठेवली. देवीला साष्टांग नमस्कार घातला, पहिल्या दिवसासारखा. आम्ही भोवती उभे. बाई कुशीवर वळल्या. पहिल्यांदा कोपर सुटलं, परत खाली गेल्या. ते रोजचंच होतं. पुन्हा वळल्या. हातांवर आल्या, गुडघ्यांवर आल्या. तोंड लाल झालेलं, अंबाडा सुटलेला, पदर लादीवर. पायाची बोटं रोवली. ढुंगण उचललं.

मी मिठागरात वाढलेला माणूस आहे. ढुंगण वर आलं की माणूस उठलेला असतो. बाकी नुसतं सरळ होणं उरतं.

पण सलीलला ते माहीत नव्हतं. त्याला दिसत होती फक्त आपली आई, जनावरासारखी चार पायांवर, थरथरणारी. त्याच्या हातातली करंजी खाली पडली. तो पुढे आला आणि त्याने हात पुढे केला. मॅनेजरसाहेब त्याला अडवायला गेले, पण वेळ गेलेली.

बाईंनी मान वर करून त्या हाताकडे पाहिलं. तशाच, वाकलेल्या. मला वाटलं, आता म्हणतील. हात नको म्हणतील. मी तर ते मनात म्हणूनही टाकलं.

बाईंनी हात धरला. तो धरून सरळ झाल्या. केस मागे सारले. सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "आज इतकंच."

बाकीचे गेल्यावर मी त्यांना गाठलं. सलील रिक्षा बघायला नाक्यावर गेला होता. मी म्हटलं, बाई, तुम्ही उठला होतात. त्या म्हणाल्या, हो. मी म्हटलं, मग मी त्याला सांगतो, गावाने पाहिलंय, तुम्ही नगरसेवकासमोर उठलात, त्याला सांगतो. त्यांनी चादरीची घडी घातली. घाईने नाही, काठाला काठ जुळवून, रोज घालायच्या तशी.

"त्याचा हात कापत होता, पाटील. माझा नव्हता."

"म्हणून घर सोडायचं?"

"शब्द दिलाय."

मला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. मी तिथल्या तिथे सांगितलं की हा मूर्खपणा आहे. त्या म्हणाल्या, असेल. आणि बाकावर माझ्या शेजारी बसून राहिल्या, रिक्षा येईपर्यंत. एवढ्या दमलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण वाईट दमलेल्या नाही. दिवसभर शेतात राबून बाई उंबऱ्यावर टेकते, तशा.

भाऊबीज झाल्यावर त्या निघाल्या. मी टॉवरखाली गेलो. हिराने सुक्या मासळीची पिशवी दिलेली, बाई खात नव्हत्या, पण सुनेला आवडते म्हणाल्या म्हणून. ही सून खरी, पुण्याची. सामान डिकीत गेलं. सलीलने पुढचं दार उघडलं आणि आईला बसवायला हात पुढे केला.

बाईंनी तो हात हळूच बाजूला सारला. "अरे, बसता येतं मला."

गाडीकडे पाठ केली. आधी सीटवर टेकल्या. मग दोन्ही पाय जवळ घेतले आणि एकदम आत वळवले, सुनांना न दुखवता, आम्हाला शिकवलं होतं अगदी तसं. पदर आत ओढून घेतला. दार स्वतः लावलं.

माझा उजवा हात तेवढ्यात कधी पुढे आला होता ते मला कळलं नाही. खांद्याच्या वर न जाणारा तोच. बाईंनी काचेतून तो पाहिला, आणि मला तरी वाटलं की त्यांनी मान हलवली, नको म्हणून. मी तो मागे घेतला. गाडी नाक्यावर वळेपर्यंत जवळ उभा राहिलो फक्त.